दाराचे थर

गेल्या दिवाळीच्या सुमारास पुण्याच्या जुन्या पेठांतील एका वाड्याचे दर्शनी दार खरवडण्याचे काम आम्ही काही वेळ पाहत उभे होतो. हिरव्याखाली निळा, निळ्याखाली तपकिरी आणि सर्वांखाली सागवान. मालकांना ‘मूळ’ दार हवे होते. परंतु मूळ म्हणजे नेमके काय?

जुन्या दाराला आजच्या अर्थाने रंग क्वचितच असे. सामान्य घरांत लाकडाला तेल, भिंतीला चुना आणि जोत्याला गेरू अशी साधी वाटणी असे. संपन्नांच्या प्रवेशद्वारी चित्रे येत. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यात आतील भिंतींवर गणपती व शेषशायी विष्णू यांच्या चित्रांचे अवशेष आहेत. १८२८ च्या आगीत आतले महाल गेले, दरवाजा उरला. विरवलेला चुना हवेतील कर्बवायू शोषून पुन्हा दगडाच्या जातीचा होतो, तरी पावसाळे त्याला झिजवतात. गेरू तर पाण्यात कालवलेली मातीच. म्हणून सणावारी ही रंगरंगोटी पुन्हा करावी लागे, आणि ती बहुधा घरच्याच हातांनी होई.

तैलरंगाने हा क्रम मोडला. जवसाच्या तेलात घोटलेला रंग प्राणवायू घेऊन घट्ट होतो आणि लाकडावर जणू कातडे धरतो. १९०२ मध्ये हावड्यास शालीमार पेंट्स व १९४२ मध्ये मुंबईत एशियन पेंट्स सुरू झाली. १९५४ मध्ये आर. के. लक्ष्मण यांचा गट्टू रंगाचा डबा घेऊन घरोघरी पोचला. रंग बाजारातून येऊ लागला, काम रंगाऱ्याकडे गेले. हा शब्द पूर्वी कापड रंगवणाऱ्याचा. पुण्याच्या सार्वजनिक गणेशोत्सवातील भाऊ रंगारी यांचे नाव त्याच व्यवसायावरून पडले. पुढे तोच शब्द भिंती आणि दारे रंगवणाऱ्यासही लागू झाला.

तैलरंगाचे थर एकावर एक चढत गेले. आम्ही पाहिलेल्या गणेशपट्टीवरील गजाननाचे डोळे त्यांत बुजून गेले होते. तेव्हा मालकांची तळमळ आम्हांस कळते. तरीही साहित्याच्या अभ्यासकांस येथे एक जुना प्रश्न ओळखीचा वाटेल. भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा संपादकांनी स्वीकृत पाठ वर ठेवला, परंतु पाठभेद फेकून दिले नाहीत. ते तळटीपांत व परिशिष्टांत जपले. दाराचा प्रत्येक थर हाही एका पिढीचा पाठ आहे: कोणाच्या लग्नात दिलेला, कोणाच्या वाटणीनंतर बदललेला.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच, की दार खरवडावे, पण चौकटीच्या एका कोपऱ्यात सर्व थर क्रमाने दिसतील अशी वीतभर पट्टी राखावी. खरवडतानाही जपावे. जुन्या तैलरंगांत शिसे असण्याचा संभव असतो. घरगुती रंगांतील शिशावर दशलक्ष भागांत ९० भाग ही मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. कोरडी धूळ मुलांच्या श्वासात जाऊ नये.

त्या मालकांना आम्ही हे सुचवले. डाव्या चौकटीच्या तळाशी आता हिरवा, निळा, तपकिरी असे तीन पट्टे आहेत. वर गजाननाचे डोळे उघडले आहेत.