भिंतीचा दावा, पेशीचा दावा

इसवी सन १८६७ मध्ये युलियुस कोनहाइम या बर्लिनच्या तरुण वैद्याने, क्युरारी या विषाने निश्चेष्ट केलेल्या बेडकाचे आतडे उदराबाहेर काढून, त्याला धरून ठेवणारा पातळ, पारदर्शक पडदा सूक्ष्मदर्शकाखाली पसरला आणि त्यातील रक्ताभिसरणाकडे तासन्‌तास पाहून जी कैफियत प्रसिद्ध केली, ती वैद्यकाच्या इतिहासातील अत्यंत धीराच्या अवलोकनांपैकी एक आहे, असे मी मानतो. उघड्या हवेने दाह सुरू झाला की प्रथम रक्तवाहिन्या फुगतात, मग प्रवाह मंदावतो, आणि लहान शिरांच्या आतल्या काठाला पांढऱ्या पेशींची दाट रांग लागते. तांबड्या पेशी मात्र मधून वाहतच राहतात. काठाशी थबकलेल्या एखाद्या पांढऱ्या पेशीवर दृष्टी खिळवून ठेवली, तर काही वेळाने शिरेच्या बाहेरच्या अंगास एक बारीकसा उंचवटा उमटतो, तो वाढत जातो, आतला भाग त्याच मानाने लहान होत जातो, आणि शेवटी सगळी पेशी भिंतीपलीकडे जाऊन एका सूक्ष्म देठाने भिंतीला लटकून राहते. मग तो देठही सुटतो. जखमेतला पू हा त्या जागच्या ऊतकातच जन्मतो, अशी कोनहाइम यांचे गुरू फिर्खो यांची धारणा होती; शिष्याने दिलेल्या या तपशिलाने तिला जबर धक्का बसला.

पांढऱ्या पेशींचे हे वर्तन पाहणारे कोनहाइम काही पहिलेच नव्हेत. फ्रान्समध्ये द्युत्रोशे यांनी १८२४ साली, जर्मनीत रूडोल्फ वाग्नर यांनी १८३९ साली आणि इंग्लंडात ऑगस्टस वॉलर यांनी १८४६ साली त्याची कमीअधिक नोंद केली होती. या पेशी भिंतीलगत हळूहळू लोळत जातात, हेही वाग्नर यांच्या नजरेतून सुटले नव्हते. परंतु वेगाने वाहणाऱ्या रक्तातून नेमकी हीच पेशी नेमक्या याच ठिकाणी कोणाच्या हुकमाने थांबते, हा प्रश्न कोनहाइमनंतरच खऱ्या अर्थाने ऐरणीवर आला. त्यांचे स्वतःचे उत्तर असे होते, की दाहामुळे भिंतीतच काही रेणवीय फेरफार होतो. पेशी बिचारी त्या बदललेल्या भिंतीच्या स्वाधीन असते.

याच्या उलट दावा इल्या मेचनिकॉफ यांनी मांडला. १८८२ साली सिसिलीतील मेसिना येथे त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचे काटे खुपसून ठेवले, आणि दुसऱ्या दिवशी पाहतात तो काट्यांभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला. त्या अळीला रक्तवाहिन्याच नसतात. तेव्हा भिंतीची मुखत्यारी तेथे चालणार कशी? पेशी आपल्या शक्तीने, आपल्या संवेदनेने शत्रूकडे जाते, हा त्यांचा सिद्धांत पुढे प्रतिकारशक्तीच्या एका संपूर्ण शास्त्राचा पाया झाला. (मुंबईत प्लेगची लस सिद्ध करणारे हाफकिन हे या मेचनिकॉफ यांचेच शिष्य, परळच्या हाफकिन संस्थेमुळे ही परंपरा आपल्याकडे नावानिशी पोचली आहे.)

भिंत की पेशी, ही तकरार पुढे सुमारे शंभर वर्षे निकाली निघाली नाही. सशाच्या कानात पारदर्शक खिडकी बसवून जिवंत रक्तवाहिन्या पाहणारे क्लार्क दांपत्य १९३५ साली म्हणत होते, की इजा होताच भिंतीचे अस्तर चिकट बनते. पण हा चिकटपणा म्हणजे नेमका कोणता पदार्थ, हे सांगण्याचे साधन कोणापाशीच नव्हते.

पुराव्याची खरी आवक सुरू झाली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. रक्तातील लसिकापेशी (पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) लसिकाग्रंथींत शिरतात त्या तेथील उंच अस्तराच्या विशिष्ट शिरिकांवाटे, हे ऑक्सफर्डच्या जेम्स गोवन्स यांनी उंदरांवर दाखवून दिले. १९६४ साली गेस्नर आणि गिन्झबर्ग यांनी लसिकापेशींच्या पृष्ठभागावरील शर्करा विकरांनी छाटून त्या पेशी पुन्हा रक्तात सोडल्या, तेव्हा त्या ग्रंथींचा मार्ग सोडून यकृतात जाऊन पडल्या. १९७६ मधील स्टॅम्पर आणि वुडरफ यांचा प्रयोग तर इतका साधा, की तो आधी कोणाला कसा सुचला नाही याचे नवल वाटते. उंदराच्या गोठवलेल्या लसिकाग्रंथीचा पातळ काप काचेवर घ्यावयाचा, त्यावर जिवंत लसिकापेशींचे द्रावण ओतावयाचे, थंड वातावरणात हलकेच गोल फिरवीत ठेवावयाचे, आणि मग धुऊन पाहावयाचे. सर्व काप मोकळा, आणि पेशी चिकटलेल्या केवळ त्या विशिष्ट शिरिकांच्या अस्तरावर! भिंत मृत व गोठलेली, तरी तिची खूण शाबूत; पेशी जिवंत, आणि ती खूण ओळखणारी. मला वाटते, शंभर वर्षांच्या तकरारीचा फैसला त्या काचपट्टीवरच झाला होता. उभयपक्षांची नावे नोंदवायची तेवढी बाकी होती.

ती नावे हाती येण्यास मोठे साहाय्य झाले ते काही दुर्दैवी बालकांच्या दुखण्याचे. नवजात अर्भकाची नाळ बहुधा एकदोन आठवड्यांत गळून पडते. परंतु काही बालकांत ती कित्येक आठवडे पडत नाही, वारंवार भयंकर संसर्ग होतात, रक्तात पांढऱ्या पेशी नेहमीच्या अनेक पटींनी असतात, आणि तरीही जखमेत पू धरत नाही, हे १९७९ पासून वैद्यकीय नियतकालिकांत येऊ लागले. सैन्य भरपूर, पण ते रस्त्यावरून उतरतच नाही, अशी ही अवस्था. त्याच सुमारास टिमथी स्प्रिंगर हे एकजिनसी प्रतिपिंडांच्या नव्या तंत्राने श्वेतपेशींच्या पृष्ठभागावरील प्रथिने एकेक करून ओळखीत होते. या मुलांच्या पेशींवर त्यांपैकी एक संपूर्ण कुटुंबच गैरहजर असल्याचे आढळले. कारण त्या सर्वांना सामाईक असलेली बीटा-२ ही साखळीच सदोष होती. हे कुटुंब इंटेग्रिनांचे. त्यातील एलएफए-१ या ग्राहीला भिंतीवरील आयकॅम-१ हे प्रथिन लिगंड (ग्राहीला जुळणारा रेणू) म्हणून बद्ध होते, हे १९८७ मध्ये निश्चित झाले.

मग लोळण्याचे काय? वाग्नर यांच्या त्या जुन्या नोंदीचे उत्तर सेलेक्टिन नावाच्या दुसऱ्या कुळात सापडले. १९९१ साली लॉरेन्स आणि स्प्रिंगर यांनी कृत्रिम मेदपटलावर शुद्ध सेलेक्टिन आणि शुद्ध आयकॅम-१ बसवून त्यावरून रक्ताच्याच वेगाने पेशी वाहू दिल्या. केवळ आयकॅम असता पेशी न थांबता निघून गेल्या; केवळ सेलेक्टिन असता त्या लोळत राहिल्या, थांबल्या नाहीत; दोन्ही असून वर रासायनिक संदेश मिळाला, तेव्हा त्या थांबल्या आणि पसरल्या. सेलेक्टिनांची पकड शर्करांवर असते, आणि ती रानातून जाताना धोतराच्या काठाला आघाड्याची बोंडे धरतात तशी, क्षणात लागणारी आणि क्षणात सुटणारी. इंटेग्रिनांचे तसे नाही. एरवी ती पेशीच्या पृष्ठभागावर वाकून, मिटून असतात. भिंतीवरील संदेश मिळताच पेशीच्या आतून टॅलिन हे प्रथिन त्यांच्या शेपटाला धरते, ती ताठ उभी राहतात, आणि लिगंडाविषयीची त्यांची ओढ हजारो पटींनी वाढते. आज्ञा आतून बाहेर जाते, आणि पकड बसली की तिची खबर बाहेरून आत. कोनहाइम आणि मेचनिकॉफ या दोघांचेही दावे असे एकाच दफ्तरात दाखल झाले.

या इतिहासाचा एक धागा मुंबईपर्यंत येतो, आणि तो मला विशेष प्रिय आहे. १९५२ साली मुंबईचे डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांचे सहकारी देशपांडे व भाटिया यांनी, इंग्लंडातील तज्ज्ञांसह, ‘लॅन्सेट’मध्ये एक नवीन रक्तलक्षण जाहीर केले; तेच पुढे ‘बॉम्बे’ रक्तगट म्हणून ओळखले गेले. नेहमीच्या तपासणीत हे रक्त ओ गटाचे दिसे, पण त्या व्यक्तीचा रक्तद्रव ओ गटाच्या पेशींच्याही गुठळ्या करी. कारण ज्या एच प्रतिजनावर ए आणि बी उभारले जातात तोच तेथे नव्हता. एच सिद्ध होतो तो फ्युकोज या शर्करेच्या जोडणीने. पुढे १९९२ मध्ये इस्रायलमध्ये एत्सिओनी यांनी दोन मुलांचे वृत्त दिले: इंटेग्रिने शाबूत, तरी संसर्ग वारंवार, श्वेतपेशी उदंड, आणि रक्तगट बॉम्बे! या योगायोगातून निदान उलगडले. या मुलांत एकूण फ्युकोजचाच व्यवहार बिघडलेला होता, म्हणून एच प्रतिजन नाही, आणि सेलेक्टिनांना धरावयास लागणारी श्वेतपेशींवरील शर्कराही नाही. त्यांच्या पेशी लोळूच शकत नव्हत्या. बॉम्बे गटाच्या इतर निरोगी माणसांत केवळ एचचा विकर नसतो, श्वेतपेशींचा विकर वेगळा व शाबूत असतो, म्हणून त्यांना हा आजार नसतो. रक्त घेण्याचा प्रसंग आला म्हणजेच काय ती त्यांची अडचण.

याच विकाराच्या एका तुर्की बालकाला जर्मनीत तोंडावाटे फ्युकोज देण्यात आले, तेव्हा त्याच्या पेशींवर सेलेक्टिनांची लिगंडे परत आली, ज्वर व संसर्ग ओसरले, श्वेतपेशींची फाजील संख्या उतरली. इस्रायलमधील मुलांना मात्र त्याच उपचाराचा तसा लाभ झाला नाही. २००१ मध्ये, फ्युकोजला पेशीतील जोडणीच्या जागी वाहून नेणाऱ्या प्रथिनाचे जनुक सापडले, आणि तुर्की व इस्रायली अशा दोन्हीकडच्या मुलांत दोष त्याच जनुकात, पण निरनिराळ्या ठिकाणी असल्याचे दिसून आले.