पायाखालची भरती

१९१३ साल. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात, यर्किस वेधशाळेच्या आवारातल्या एका खड्ड्यात तुम्ही वाकून उभे आहात. समोर लोखंडी नळाचं तोंड, त्याला काच. नळ दीडशे मीटर लांब, जमिनीत पुरलेला, निम्मा पाण्याने भरलेला. तसाच दुसरा नळ त्याला काटकोनात गेलाय. प्रकाशाचा वेग मोजण्यात हयात घालवणाऱ्या अल्बर्ट मायकेल्सन यांनी इथे नळातल्या पाण्याची भरती मोजायला घेतली आहे.

सूक्ष्मदर्शकाला डोळा लावा. सुईचं टोक आणि पाण्यातलं तिचं प्रतिबिंब, यांच्यामधली फट वाचा, आकडा वहीत टाका. काही तासांनी पुन्हा या, रात्र असली तरी. पाणी चढतं ते मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत. उधाण आणि भांग पाहत वाढलेल्या कोकणी माणसाला याला भरती म्हणणं चेष्टाच वाटेल.

पृथ्वी मुळीच न वाकणारी असती तर पाणी किती चढलं असतं, याचं गणित फॉरेस्ट मोल्टन यांनी मांडून ठेवलंय. नळातलं पाणी त्याच्या जेमतेम सत्तर टक्के चढतं. बाकीचं गळालं कुठे? कुठेही नाही. चंद्र पाणी ओढतो तशी जमीनही ओढतो, आणि ती नळासकट वाकते. तीस वर्षांपूर्वी जॉर्ज डार्विन यांनी (हो, चार्ल्स डार्विन यांचेच चिरंजीव) समुद्राच्या भरतीच्या जुन्या नोंदींवरून असंच काहीसं अनुमान काढलं होतं. त्या नोंदींत हिंदुस्थानातली बंदरंही होती. जमीन किती वाकते हे सांगणारे अंक १९०९मध्ये ऑगस्टस लव्ह यांनी मांडले. त्यांना आजही लव्ह अंक म्हणतात. त्यांचा प्रेमाशी काही संबंध नाही.

आता छप्पन्न वर्षं पुढे या. १ ऑगस्ट १९६९, कॅलिफोर्नियातली लिक वेधशाळा. आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन चंद्रावरून परतलेत, पण शंभर काचेच्या कोनांचा एक परावर्तक तिथे ठेवून. तीन मीटरच्या दुर्बिणीतून लाल लेसरचा झोत जातो आणि पडद्यावर पहिला परतीचा प्रकाश नोंदला जातो. जल्लोष होतो. चंद्राच्या अंतरातली चूक अजून मीटरांत आहे, त्यामुळे पायाखालची भरती कुणाच्या हिशेबात खुपत नाही. इथे फार थांबायला नको.

२०१५. न्यू मेक्सिकोतली अपाचे पॉइंट वेधशाळा, उंची सुमारे २,८०० मीटर. साडेतीन मीटरच्या दुर्बिणीतून सेकंदाला वीस हिरवे स्पंद सुटतात. प्रत्येकात फोटॉन अगणित. अडीच सेकंदांनी त्यातला एखादा परत येतो, तोही रात्र चांगली असली तर. अंतर आता मिलिमीटरपर्यंत कळतं. पण कुठून कुठपर्यंतचं?

संगणकासमोर बसा. पडद्यावर टिंबं आहेत: फोटॉनला प्रत्यक्ष लागलेला वेळ वजा गणिताने सांगितलेला वेळ. गणितातली जमिनीच्या भरतीची ओळ बंद करा. टिंबं लगेच वीसेक सेंटिमीटरनी झुलू लागतात. चंद्र डोक्यावर असताना अख्खी वेधशाळा त्याच्याकडे उचलली गेलेली असते. तो मावळतीला जाईपर्यंत ती खाली बसते. तुम्हाला मात्र चहाच्या कपातली लाटसुद्धा जाणवलेली नाही, कारण सगळा प्रदेशच एकदम हलतो.

ओळ पुन्हा चालू करा. झोका थांबतो, पण टिंबं सरळ रेषेत येत नाहीत. दूरच्या पॅसिफिकमध्ये भरती आली की तिच्या वजनाने खंडाचा काठ दबतो, आणि त्याचा मिलिमीटरांचा परिणाम इथपर्यंत पोचतो. तो पारखायला वेधशाळेत अतिवाहक गुरुत्वमापक बसवलाय. गुरुत्वाकर्षणातला अब्जांश फरकही तो टिपतो.

आणि पट्टीचं दुसरं टोक? तेही स्थिर नाही. चंद्राची कक्षा लंबगोल असल्याने पृथ्वीची ओढ महिन्याभरात कमीजास्त होते. त्यामुळे परावर्तकाखालची जमीन सुमारे दहा सेंटिमीटर वर, तितकीच खाली होते. मला विचाराल तर या सगळ्या उद्योगातला सर्वांत गोड भाग इथे सुरू होतो. चंद्र नुसता वाकत नाही, वाकायला किंचित उशीर करतो. त्या उशिरापायी त्याचा फिरण्याचा अक्ष जिथे असायला हवा तिथून कोनाच्या पाव सेकंदाने सरकलेला आहे. चंद्राच्या पृष्ठभागावर मोजलं तर साधारण दोन मीटर.

हा उशीर खडकातल्या घर्षणाचा, की आतल्या वितळलेल्या गाभ्यावर कवच घासण्याचा? दोन्हींचा, आणि वाटणी अवघड. दोन्ही घर्षणं अक्ष जवळपास सारखाच सरकवतात. वेगवेगळ्या कालावधींच्या, फार बारीक डुलण्यांतच त्यांच्यात फरक पडतो. २०१२मध्ये चंद्राभोवती फिरलेल्या ग्रेल यानांच्या जोडीने चंद्राचा एक लव्ह अंक ०.०२४ असा नेमका दिलाय. तुम्ही तो गणितात बांधून टाकता, गाभ्याच्या घर्षणाचा आकडा मोकळा सोडता आणि १९७०पासूनच्या सगळ्या नोंदींवर हिशेब पुन्हा चालवायला लावता.