इंग्रजी शब्दांचे उच्चार व अर्थ, मराठीतील

इंग्रजी अंमलात मराठीत आलेल्या शब्दांचा उच्चार व अर्थ ठरविण्याच्या प्रयत्नांचा इतिहास. एका लिपीतील शब्द दुसरीत गेला म्हणजे काय घडते, याचे बोलके उदाहरण यवतमाळलगतच्या लोहारा गावाच्या परिसरात आढळते. आईन-इ-अकबरीत येथील परगण्याचे नाव ‘योत-लोहारा’ असे आहे. त्यातील ‘योत’ हे ‘येवता’ या मूळ नावाचे रूपांतर होय. फार्सीत ‘व’ व ‘ओ’ यांना एकच अक्षर असल्याने असे वाचन होणे स्वाभाविक होते. पुढे ‘महाल’ शब्दाचे ‘माळ’ झाले. इंग्रजांनी नावाच्या लेखनात ‘ई’ व ‘ओ’ ही अक्षरे लागोपाठ घातली आणि १९०५ मध्ये वणी जिल्ह्याला हे नाव मिळाले, तेव्हा तेच लेखन दप्तरी रूढ झाले. लोहारा या नावाला मात्र फारशी झळ पोहोचली नाही.

इंग्रजी शब्द मराठीत दोन वाटांनी आले. पहिली वाट कानाची. पलटण, अर्दली, लाटसाहेब ही रूपे ऐकून घडली. ती अशुद्ध मानण्याचे कारण नाही. ‘कर्नल’ शब्दाच्या इंग्रजी लेखनात पहिला ‘र’ नाही व ‘लेफ्टनंट’मध्ये ‘फ’ नाही, तरीही मराठीने ब्रिटिश उच्चार नेमका उचलला. दुसरी वाट पुस्तकाची. ‘बॉम्ब’मधील अखेरचा ‘ब’ इंग्रज उच्चारीत नाही. तो मराठीत आला, तो अक्षरे पाहून. इंग्रज माणूस क्वचितच भेटे अशा गावांतील विद्यार्थ्याला अपरिचित शब्दाचा अर्थ कोशात सापडे, पण तो म्हणावा कसा हे सांगणारे कोणी नसे.

आरंभीच्या कोशांची दृष्टी वेगळी होती. विल्यम कॅरी (१८१०) व मोल्सवर्थ (१८३१) यांचे कोश मराठी शिकणाऱ्या इंग्रजांसाठी होते. मोल्सवर्थने आरंभिलेला व कँडीने पूर्ण केलेला इंग्रजी–मराठी कोश १८४७ मध्ये निघाला. त्याचा भर प्रामुख्याने अर्थावर होता. नी. बा. रानडे यांच्या इंग्रजी–मराठी कोशाने (१९०३–१६) ही उणीव ओळखली. ‘उच्चारदर्शक’ या अर्थाचे विशेषण त्याच्या शीर्षकातच आहे.

अडचण केवळ कोशकारांची नव्हती. ‘बॅट’ व ‘बॉल’ यांतील स्वर परंपरागत देवनागरीत नव्हते. त्यांसाठी अर्धचंद्राची चिन्हे योजावी लागली. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या निर्णयाने ‘ॲ’ व ‘ऑ’ यांना वर्णमालेत अधिकृत स्थान मिळाले. इंग्रजीतील दंतौष्ठ्य व द्वयौष्ठ्य ‘व’ यांतील भेद दाखविणारे स्वतंत्र चिन्ह मात्र मराठीने स्वीकारलेले नाही.