धुनीच्या उष्णतेचा हिशेब

शिर्डीच्या द्वारकामाईत साईबाबांनी पेटविलेली धुनी अद्याप विझलेली नाही. बाबांचे देहावसान १५ ऑक्टोबर १९१८ रोजी झाले. धुनीत लाकडे मात्र अजूनही पडतात आणि दर्शनास आलेला मनुष्य उदीची पुडी घेऊन परततो. भाविकाच्या दृष्टीने येथे विषय संपला. परंतु रसायनशास्त्र शिकविण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्यास तेथे उभे असता निराळाच प्रश्न सुचतो. ही ऊब लाकूड पेटण्यापूर्वी कोठे होती?

जळणाऱ्या पदार्थातून फ्लोजिस्टन नावाचे द्रव्य निघून जाते, असे अठराव्या शतकातील युरोपीय पंडित मानीत. ज्वलन म्हणजे प्राणवायूशी संयोग, हे लाव्हाझिएने दाखविले. १७८२-८३ च्या हिवाळ्यात त्याने व लाप्लासने पॅरिस येथे बर्फाने वेढलेल्या पात्रात कोळसा जाळला आणि किती बर्फ वितळले ते तोलून पाहिले. उष्णतेस माप मिळाले. गंमत अशी की, उष्णता हेही एक द्रव्यच आहे, ही समजूत लाव्हाझिएस सुटली नव्हती.

पुढे १८४० साली सेंट पीटर्सबर्ग येथील हेस याने नियम सांगितला, की क्रिया एका पायरीत होवो वा अनेक पायऱ्यांनी, उष्णतेची एकूण बेरीज तीच राहते. हा नियम पटवून घेण्यास प्रयोगशाळेत जावयास नको. आपला चुना पुरेसा आहे. सुमारे ९०० अंश सेंटिग्रेडपर्यंत भाजलेली चुनखडी कर्बाम्लवायू सोडते व कळीचा चुना उरतो. १०० ग्रॅम शुद्ध चुनखडीचा ५६ ग्रॅम चुना होताना सुमारे १७८ किलोजूल उष्णता शोषली जाते. त्या चुन्यावर पाणी ओतले की तो खदखदू लागतो, आणि सुमारे ६५ किलोजूल परत मिळतात. उरलेले ११३ गिलाव्यात अडकून असतात. भिंत हवेतील कर्बाम्लवायू शोषून पुन्हा चुनखडी बनत जाते आणि वर्षानुवर्षे इतक्या सावकाश ती उष्णता सोडते की, घरातील कोणासही पत्ता लागत नाही. भट्टीत घेतलेले ऋण पै न् पै फिटते.

येथे एक कबुली देणे प्राप्त आहे. लाकडातील बंध तुटतात म्हणून उष्णता बाहेर पडते, असे मी कित्येक वर्षे वर्गात सांगत आलो. हे सपशेल चूक होय. बंध तोडावयास नेहमी ऊर्जा खर्चावीच लागते. म्हणून तर काडी लावल्यावाचून लाकूड पेटत नाही. नंतर त्यातील कर्ब व हायड्रोजन यांचे प्राणवायूशी नवे, अधिक बळकट बंध जुळतात आणि खर्चाहून प्राप्ती अधिक होते. ती शिल्लक म्हणजे धुनीची ऊब. चुन्याच्या भट्टीत खर्च अधिक व प्राप्ती कमी, म्हणून तेथे जळण सतत घालावे लागते. माझे ते चुकीचे वाक्य जसेच्या तसे उतरविणाऱ्या उत्तरपत्रिकांस मी पूर्ण गुण दिले आहेत, आणि ते लिहिणारांपैकी काही जण आज स्वतः शिक्षक आहेत.

मूळ प्रश्नाचे उत्तर जर्मनीतील हाइलब्रॉनचा वैद्य रोबर्ट मायर याने १८४५ साली दिले. वनस्पती सूर्यप्रकाश घेतात व त्याचे रासायनिक रूपात संचित करतात, असे त्याने लिहिले. तेव्हा धुनीत जळते ते कित्येक वर्षांपूर्वीचे ऊन आहे.

शिर्डीच्याच प्रसादालयात २००९ साली प्रत्येकी १६ चौरस मीटरच्या ७३ सौर तबकड्या बसविण्यात आल्या. सूर्याकडे तोंड फिरवीत त्या पाण्याची वाफ करतात आणि तीवर अन्न शिजते. झाडाची मध्यस्थी येथे लागत नाही. मात्र सूर्य मावळला की तबकड्या थंडावतात. द्वारकामाईत तेव्हाही लाकूड जळत असते.