दोनदा पाहिलेला प्रलय

एकाच आयुष्यात दोन अणुस्फोट सोसून जिवंत राहणे, याला भाग्य म्हणावे की दुर्दैव? त्सुतोमु यामागुची या जपानी अभियंत्याच्या वाट्याला ते आले.

६ ऑगस्ट १९४५ रोजी ते कंपनीच्या कामानिमित्त हिरोशिमात होते. सकाळी सव्वाआठला बॉम्ब पडला. स्फोटकेंद्रापासून सुमारे तीन किलोमीटरवर असूनही त्यांचे अंग भाजले, कानाला इजा झाली. तशाच अवस्थेत आगगाडीने ते आपल्या घरी, नागासाकीला परतले. ९ तारखेला जखमांवर पट्ट्या बांधून ते कामावर हजर झाले. एका बॉम्बने अख्खे शहर नष्ट होते, यावर वरिष्ठांचा विश्वास बसेना. हे बोलणे चालू असतानाच पुन्हा तोच प्रखर प्रकाश लखलखला.

त्या वेळी, ११ वाजून २ मिनिटांनी, उराकामीच्या कॅथेड्रलमध्ये पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाच्या तयारीसाठी भाविक प्रायश्चित्त संस्कारास जमले होते. धर्मगुरूंसह ते सारे मृत्युमुखी पडले. दोन शतकांहून अधिक काळ छळ सोसून, गुप्तपणे श्रद्धा जपलेल्या पूर्वजांचे ते वंशज होते.

यामागुचींनी बरीच वर्षे जाहीर बोलणे टाळले. २००५ साली मुलगा कर्करोगाने दगावल्यावर मात्र नव्वदीच्या उंबरठ्यावर ते अण्वस्त्रांविरुद्ध बोलू लागले. २००९ साली दोन्ही स्फोटांतून वाचल्याची त्यांची अधिकृत नोंद झाली. ४ जानेवारी २०१० रोजी, वयाच्या ९३व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

जे वाचत नाहीत, त्यांच्या वतीने बोलण्याचे ऋण वाचलेल्यावर असते. ते यामागुचींनी उशिरा का होईना, फेडले.