पादुका
पादुका : स्त्रीलिंगी नाम, वापर बहुतेक अनेकवचनी. मूळ अर्थ पायांत घालायच्या खडावा. रूढ अर्थ देवाची वा सद्गुरूची पूजेत ठेवलेली दोन पावले. संस्कृतात या जोडीला ‘पादुके’ हे द्विवचन आहे. मराठीत द्विवचन नाही, पण ‘पादुकांचे दर्शन’ म्हटले की दोन्ही पावले आलीच. गयेच्या मंदिरातल्या एकट्या पावलाला विष्णुपद म्हणतात, पादुका नव्हे.

खडावेला पट्टा नसतो. अंगठा आणि शेजारचे बोट यांत खुंटी धरून चालायचे. सवय नसेल तर चार पावलांतच बोटे दुखतात. चामडे नसल्याने ती सोवळ्यात चालते. पायांतली वस्तू धन्याच्या जागी बसू शकते हा संकेत रामायणाइतका जुना : भरताने रामाच्या पादुका सिंहासनावर ठेवून नंदिग्रामातून राज्य चालवले.

कलबुर्गी जिल्ह्यात हा शब्द उच्चारला की आधी गाणगापूरच आठवते. अफजलपूर तालुक्यातले, भीमा-अमरजा संगमाजवळचे हे दत्तक्षेत्र. सोलापूरहून येणारे भाविक ‘गाणगापूर रोड’ स्थानकावर उतरतात. दत्ताचे अवतार मानले जाणारे नृसिंहसरस्वती मूळ कारंज्याचे. औदुंबर आणि नरसोबावाडीनंतर त्यांचे दीर्घ वास्तव्य इथे झाले, आणि श्रीशैलाकडे जाताना त्यांनी भक्तांसाठी पादुका मागे ठेवल्या, अशी श्रद्धा आहे. औदुंबरच्या पादुका ‘विमल’, वाडीच्या ‘मनोहर’, इथल्या ‘निर्गुण’. निर्गुणाला पावले कुठली, हा प्रश्न कोणाही चिकित्सकाला पडेल. भक्ताला तो पडत नाही. वाडीच्या पादुका कृष्णाकाठच्या शिळेवर, जागच्या न हलणाऱ्या. गाणगापूरच्या मात्र चल. त्यांना केशर-अष्टगंधाचा लेप देतात, पाणी लावत नाहीत. पूजेचे पाणी ताम्हणात सोडतात. दर्शन लहानशा झरोक्यातून. वारीत याच्या उलट : ज्ञानेश्वरांच्या पादुकांना वाटेत नीरा नदीचे स्नान घडते. पालखीत पादुका नेण्याची ही रीत तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज यांनी 1685 च्या सुमारास घालून दिली.

गाणगापूरची कीर्ती मराठी घराघरांत नेली ती सरस्वती गंगाधरांच्या ‘गुरुचरित्रा’ने. कवीची मातृभाषा कन्नड असावी. मराठी आपल्याला येत नाही, असे तो ग्रंथारंभीच सांगतो. पुजारी कानडी बोलणारे, पोथी मराठी, असा व्यवहार या सीमाभागात कुणाला नवलाचा वाटत नाही.

पावलांची पूजा या भीमाकाठी दत्तसंप्रदायाने आणली असे मात्र समजू नये. याच जिल्ह्यात सन्नतीजवळ कनगनहळ्ळी येथे 1990 च्या दशकात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने सातवाहनकालीन बौद्ध स्तूप उकरून काढला. तिथल्या शिल्पांत बुद्धाची जोडपावले आहेत. त्यांना अभ्यासक ‘बुद्धपाद’ म्हणतात. दोन्ही परंपरांत थेट धागा दाखवता येत नाही, आणि तो ओढूनताणून जोडण्याची गरजही नाही.