मोटारीचा चांदवा

लग्नघरी मांडव घालून झाला, की आत चांदवा बांधतात. ऊन अडविण्याचे काम मांडवाने केलेलेच असते. चांदव्याने झाकावयाचे ते मांडवाचे वासे, गाठी आणि काथ्या. मोटारगाडीच्या छताला आतून जे कापड लावलेले असते, त्याचे मूळ प्रयोजन याहून निराळे नाही. गाडीत बसणारा मनुष्य समोर पाहतो, बाजूला पाहतो. वर तो क्वचितच पाहतो. कापड सैल पडून डोक्याला लागू लागले, म्हणजे मग त्याला छताची आठवण होते.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस हा प्रसंग मजवर आला. गाडी अठरा वर्षांची. मागच्या बाजूने कापड सुटले, चार दिवसांत त्याची झोळी झाली, आणि आरशातून मागचा रस्ता दिसेनासा झाला. टाचण्या टोचून पाहिल्या, कडेने डिंक घालून पाहिला. दोन्ही उपाय एका उन्हाचे धनी ठरले. अखेर बेळगावातील एका वृद्ध गादीवाल्याकडे गाडी नेली. "मामा, नुसते चिकटवून चालणार नाही का?" असे मी विचारताच त्यांनी कापडाचे टोक उलटून त्यावर बोट फिरविले. बोटाला हळदीसारखी पिवळी भुकटी लागली. "कापड चांगलं आहे, साहेब. मधला फोम मेलाय. मेलेल्याला डिंक काय धरणार?" असे म्हणून ते थोडे थांबले आणि पुढे म्हणाले, "फियाटचं छत असं कधी पडलं नाही. ते फाटायचं, पडायचं नाही."

फाटणे आणि पडणे यांतील हा भेद त्या कारागिराने सहज बोलून दाखविला. परंतु मोटारीच्या छताचा सारा इतिहास त्यात येऊन जातो.

अगदी आरंभीच्या मोटारींना छत नव्हते म्हटले तरी चालेल. घोडागाडीतून घोडा काढून तेथे यंत्र बसविले, इतकाच तो प्रकार. वर असलाच तर मुंबईच्या व्हिक्टोरियाला असे तसा दुमडता टप. बंद गाडी ही श्रीमंतांची चैन होती आणि ती बांधणारे कारागीरही बग्गी-रथ बांधणाऱ्यांच्याच घराण्यांतले. डेट्रॉइट येथे १९०८ मध्ये 'फिशर बॉडी' ही कंपनी काढणारे फिशर बंधू ओहायो प्रांतातील गाड्या बांधणाऱ्या कुळातील होत. १९१० मध्ये त्यांना कॅडिलॅककडून १५० बंद गाड्यांच्या सांगाड्यांची मागणी आली, आणि एवढ्या संख्येची मागणी ही त्या काळी मोठी घटना मानली गेली. १९१९ मध्ये अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या गाड्यांपैकी बंद गाड्या दहांत एक एवढ्याच होत्या. हडसन कंपनीने एसेक्स नावाची साधी बंद गाडी काढली, तिची किंमत १,४९५ डॉलर होती; ती उतरत उतरत १९२५ मध्ये ८९५ डॉलरवर आली, म्हणजे त्याच कंपनीच्या उघड्या गाडीहूनही पाच डॉलरनी कमी. मग लोंढा लोटला. १९२४ मध्ये शेकडा ४३ असलेले बंद गाड्यांचे प्रमाण १९२७ मध्ये शेकडा ८५ झाले. आमच्या इंदूरकर वाचकांना यशवंतराव होळकरांची १९३० च्या दशकातील ती ख्यातनाम ड्यूसेनबर्ग आठवेल. तिचे यंत्र अमेरिकेचे, वरची घडण लंडनच्या गर्नी नटिंग यांची, आणि ती उघड्या बांधणीची होती. पण तोवर उघडी गाडी ही शौकाची वस्तू झाली होती. सामान्य माणसाच्या डोक्यावर छत आले होते.

हे छत कसले होते, ते ऐकून आजच्या वाचकास नवल वाटेल. गाडीच्या भिंती पत्र्याच्या असत, पण छताचा मधला भाग पत्र्याचा नसे. तेवढ्या रुंदीचा अखंड पोलादी पत्रा लाटण्याची गिरण्यांची ताकदच नव्हती. म्हणून लाकडी पट्ट्या आडव्या टाकावयाच्या, त्यांवर तारेची जाळी, जाळीवर कापसाची भर, आणि सर्वांत वर रबराचा किंवा तशाच कसल्या लेपाचा हात दिलेले जाड कापड. दर काही वर्षांनी या कापडाला पुन्हा लेप द्यावा लागे. न दिल्यास ते गळे. घराची कौले उन्हाळ्यात शाकारण्यासारखेच हे काम.

अशा छताच्या पोटाला आतून लोकरी कापडाचे अस्तर लावीत. आडव्या लाकडी कमानींना बारीक चुका मारून ते ताणावयाचे. हे काम करणारे कारागीर मूठभर चुका तोंडात धरीत, जिभेने एकेक चूक ओठांवर आणीत, लोहचुंबकी तोंडाच्या हातोडीने ती ओठांवरून टिपीत आणि त्याच झटक्यात लाकडात ठोकीत. त्यामुळे दुसरा हात कापड ताणावयास मोकळा राही. खुर्च्या-कोच मढविणाऱ्यांची ही जुनी रीत मोटारीच्या कारखान्यात जशीच्या तशी आली होती. या कामात चुकांइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व ताणाला होते. एका बाजूला कापड अर्धा बोट जास्त ओढले, तर दुसऱ्या बाजूला सुरकुती आलीच म्हणून समजावे.

१९३० च्या दशकात रुंद पत्रा लाटणाऱ्या गिरण्या उभ्या राहिल्या, आणि १९३५ सालच्या गाड्यांवर जनरल मोटर्सने 'टरेट टॉप' या नावाने अखंड पोलादी छत आणले. गळतीचा प्रश्न मिटला. पण दोन नव्या अडचणी उभ्या राहिल्या, आणि त्या मोठ्या मौजेच्या आहेत. पहिली रेडिओची. जुन्या छतातील तारेची जाळी हीच रेडिओची आकाशतार म्हणून कामी येत असे. वर पोलाद आले आणि ती सोय गेली. मग लोकांनी आकाशतार काढून गाडीच्या पायफळीखाली नेऊन बसविली. दुसरी अडचण आवाजाची. एवढा मोठा सपाट पत्रा रस्त्याच्या प्रत्येक धक्क्याने नगाऱ्यासारखा घुमे. त्याच्या पोटाला नमदा चिकटवून तो गप्प करावा लागला. उन्हात तापलेल्या पत्र्याची धग खाली येई ती निराळीच. आजवर वासे झाकण्याकरिता असलेल्या अस्तराकडे आता आवाज आणि ऊन अडविण्याचेही काम आले.

लाकूड गेले, तेव्हा चुका मारावयाच्या कशात? येथे त्या कारागिरांनी जी युक्ती योजिली, ती मला या सर्व इतिहासातील सर्वांत देखणी गोष्ट वाटते. अस्तराच्या वरच्या अंगाला आडवे नेफे शिवावयाचे, परकराला शिवतात तसे. प्रत्येक नेफ्यात धनुष्यासारखी वाकविलेली पोलादी तार ओवावयाची आणि तिची दोन टोके छताच्या दोन्ही कडांच्या भोकांत बसवावयाची. तार स्वतःच्या ताणाने वर उचललेली राहते आणि कापडाला उचलून धरते. मग पुढून मागे कापड ओढून कडा पक्क्या केल्या, की अस्तर छताला कोठेही न टेकता अधांतरी ताठ उभे राहते. वर पत्रा, खाली कापड, मध्ये हवेचा एक थर. छताच्या पृष्ठभागाला सरस लावलेला नाही, तेव्हा सरस सुटण्याचा प्रश्नच नाही. लोकरीच्या जागी पुढे रेक्झीनसारखे लेपाचे कापड आणि नंतर प्लास्टिक आले, तरी नेफा आणि तार कायम राहिली.

आपल्याकडील दोन पिढ्यांनी जे छत पाहिले, ते हेच. मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून घेतलेली ॲम्बॅसडर कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला २०१४ पर्यंत निघत होती. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० निघे; तीच पुढे १९७० च्या दशकात पद्मिनी झाली. दोन्ही गाड्यांचे अस्तर तारांवर टांगलेले असे. ते मळत असे, विड्यांच्या धुराने पिवळे पडत असे, उंदीर कुरतडीत, आणि मागच्या काचेजवळ उन्हाने करकरीत होऊन फाटत असे. जुने ते सर्व सोने होते, असे म्हणण्याचा माझा हेतू नाही. पण फाटले तर तेवढे कापड बदलावे, तारा त्याच ठेवाव्यात. आणि हे काम गावोगावचा गादीवाला करू शकत असे. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी तर त्यात आपली हौस भागविली. फुलापानांची, चौकटींची, चमचमीत रंगांची छपाई असलेली प्लास्टिके त्यांनी छताला लावली. भाड्याने बसलेला उतारू वर पाहू लागला, तो याच गाड्यांत. २०१५ मध्ये 'टॅक्सी फॅब्रिक' नावाच्या उपक्रमाने तरुण चित्रकारांकडून टॅक्सींची आसने आणि छते सजवून घेतली, त्याचा बोलबाला देशाबाहेरही झाला. २० वर्षांच्या वयोमर्यादेमुळे पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून गेली, आणि ती छतेही तिच्याबरोबर गेली.

आता पडणाऱ्या छताकडे वळू. १९३७ मध्ये जर्मनीतील लेव्हरकूझेन येथे ऑटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॉलियुरेथेन हा पदार्थ सिद्ध केला. १९५० च्या दशकात त्याचा मऊ फोम कारखान्यांतून निघू लागला. या फोमचा पातळ थर ज्योतीवरून नेला, की त्याचा पृष्ठभाग क्षणभर वितळतो, आणि त्याच क्षणी त्यावर कापड दाबले, की शिवण नाही, सरस नाही, दोन्ही एकजीव होतात. १९७० च्या दशकात मोटारवाल्यांनी हे फोमचे कापड साच्यात दाबलेल्या पुठ्ठ्यासारख्या किंवा काचतंतूंच्या तक्त्यावर चिकटविण्यास प्रारंभ केला. तयार तक्ता गाडीत सरकवावयाचा, वर दाबावयाचा, आणि दिवा, आरसा, हातकड्या यांच्या आधाराने अडकवावयाचा. नेफे शिवणारा नको, ताण ओळखणारा हात नको. कारखान्याच्या दृष्टीने ही मोठीच बचत होती. ग्राहकालाही सुरकुतीवाचून गुळगुळीत आणि हाताला मऊ लागणारे छत मिळाले. अपघातात डोके आपटले तर इजा कमी व्हावी म्हणून अमेरिकेने १९९५ मध्ये गाडीच्या आतील वरच्या भागांविषयी नियम केले. ते पाळावयास पोलादी तारांपेक्षा भरीव तक्ता सोयीचा, हेही मान्य केले पाहिजे.

परंतु या रचनेत सगळा भार त्या मधल्या फोमवर आला, आणि फोम हा कापडासारखा म्हातारा होत नाही. कापड जीर्ण होते ते दिसते. फोम आतल्या आत मरतो. त्याच्या एका जातीतील रासायनिक दुवे पाण्याची वाफ तोडते, दुसऱ्या जातीतील दुवे उष्णता आणि हवेतील प्राणवायू तोडतात. वस्तुसंग्रहालयांत जपून ठेवलेल्या गेल्या शतकातील फोमच्या वस्तूंची भुकटी होताना पाहून तेथील रक्षकही हताश झाले आहेत. मग चार महिने पाऊस आणि आठ महिने ऊन सोसणाऱ्या कोकण-गोव्याच्या गाडीची कथा काय! उन्हात बंद उभी केलेली गाडी तासाभरात बाहेरच्या हवेहून वीस-पंचवीस अंश सेल्सियसने अधिक तापते, आणि छत तर त्याहूनही अधिक. कारखान्यातून बाहेर पडताना हे छत आपल्या मरणाचा मुहूर्त बरोबर घेऊनच निघते, असे मला वाटते. तो मुहूर्त विकणाऱ्यास ठाऊक असतो. घेणाऱ्यास कोणी सांगत नाही, ही माझी तक्रार आहे.

म्हणूनच डिंक घालून काही साधत नाही. डिंक भुकटीला चिकटतो, आणि भुकटी कशालाच चिकटलेली नसते. मामांनी काम केले ते असे. उन्हापासून बचावाच्या फळ्या, दिवा, हातकड्या आणि खांबांवरची आवरणे काढली. अलीकडच्या पुष्कळ गाड्यांत छताच्या कडेला हवेच्या पिशव्या दडविलेल्या असतात, म्हणून बॅटरीची तार त्यांनी आधीच सोडून ठेवली होती. तक्ता वाकवून मोडू नये म्हणून दोघांनी तो सपाट धरून मागच्या दरवाजातून बाहेर घेतला. जुने कापड एका ओढीत निघाले. त्यानंतरचे काम मात्र दीड तासाचे. नाकाला फडके बांधून मऊ ब्रशाने त्यांनी तक्त्यावरची पिवळी भुकटी शेवटच्या कणापर्यंत झाडली. "सगळी खोट इथंच होते. थोडी राहिली तर दोन उन्हाळ्यांत पुन्हा माझ्याकडे याल," ते म्हणाले. मग उष्णता सोसणारा सरस तक्त्यावर आणि नव्या कापडावर दोन्हीकडे फवारला, तो बोटाला चिकटेल पण बोटावर येणार नाही इतका वाळू दिला, आणि मधल्या भागापासून कडांकडे तळहाताने कापड बसवीत नेले. खोलगट भागांत कापड ओढावयाचे नाही, भरवावयाचे. तेथे ओढलेले कापड पुढे उन्हात सरळ होऊ पाहते आणि सुटते.

"या नव्या कापडातही फोमच आहे ना?" मी विचारले.

"आहे तर. दुसरं मिळत नाही. तुमची गाडी तोवर राहिली, तर मुलगा करील माझा."

सरस वाळेपर्यंत मी दुकानात बसलो होतो. मागच्या भिंतीवर खिळ्याला धनुष्याकृती तारांची एक जुडी टांगलेली होती. प्रत्येक तारेचा बाक वेगळा आणि प्रत्येकीच्या टोकाला पांढऱ्या रंगाने आकडा घातलेला, कारण तिची भोके ठरलेली. एकीच्या जागी दुसरी गेली की छताला पोक येते. एका फियाटच्या त्या तारा होत्या. मालक कापड बदलण्यास गाडी देऊन गेला आणि परत आला नाही. गाडी पुढे भंगारात गेली. तारा मामांनी ठेवून घेतल्या होत्या.